सोडलेलं दूध

चक्कर म्हटलं की लोक आधी डोकं धरतात. आमच्या ह्यांची चक्कर डोक्यातली नव्हती, पण ते कळायला आम्हाला लई दिवस लागले. तोवर आमच्या खोलीत आला-गेला प्रत्येक माणूस डॉक्टर होऊन बसला होता.

तेव्हा आम्ही वाळूजला पत्र्याच्या खोलीत राहत होतो. एका ओळीत खोल्या, समोर नळ, मागं मोकळं रान. ह्या रानात दर सहा महिन्यांनी एक नवी कंपनी उभी राहायची. हे एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. गाड्यांना लागणारे पत्रे दाबून आकाराला आणायचं काम. माणसं मूळची मेंढरांमागं हिंडणारी, शेंद्र्याच्या पुढं माळावर ह्यांची वस्ती. घराण्यातला हा पहिला माणूस, ज्याच्या हातात काठीऐवजी पाना आला. वस्तीवर त्याचं मोठं कौतुक होतं. कौतुक करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं की ह्यांची नोकरी टेम्पररी होती. काही महिने काम झालं की ब्रेक, मग पुन्हा बोलावणं, पुन्हा ब्रेक. कायम करू, करू, असं ऐकता ऐकता वर्षं चालली होती.

आधी उठताना अंधारी यायला लागली. जेवून पाटावरून उठले की भिंत धरायचे. सकाळी अंथरुणावरून उठले की जरा वेळ तसेच बसायचे, मग हळूच उभे राहायचे. मी म्हणायची, "काय हो, म्हातारे झालात काय इतक्यात?" हे म्हणायचे, "गरगरायलंय गं." मग तळपायाला मुंग्या सुरू झाल्या. मांडी घालून बसल्यावर येतात त्या मुंग्या पाय झटकले की जातात. ह्यांच्या जातच नव्हत्या. पायातून त्या हाताच्या बोटांत चढल्या. एक दिवस शर्टाची बटणं मला लावायला सांगितली. मला वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आज एकाएकी लाड कशाचे! दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं तेव्हा मी बोटांकडं नीट बघितलं. बटण बोटांत धरलंय की सुटलंय, हे ह्यांना कळतच नव्हतं. मी ह्यांची दाही बोटं एकेक करून चाचपली.

कारण माझ्या डोळ्यांपुढं ती प्रेस होती. मी ती कधी बघितली नव्हती, पण तिनं काय केलं ते रोज बघायची. आमच्या ओळीत एकाची दोन बोटं नव्हती, पलीकडच्या ओळीत एकाचा पंजाच नव्हता. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा, मग ठोका. हात बाहेर आलाय की नाही हे ज्याच्या हातालाच कळत नाही, त्यानं काय करायचं? आणि सुपरवायझरला सांगायची सोय नव्हती. टेम्पररी माणूस आजारी आहे म्हटलं की पुढच्या ब्रेकनंतर त्याला बोलावणं येत नसे. ह्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

मग सुरू झाली डॉक्टरांची वारेमाप सल्लामसलत. शेजारची खोलीवाली म्हणाली, नजर. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. चौकातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला आणि पिवळं सलाईन लावलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. दुसऱ्यांनी बीपी मोजलं, झोपून एक, उभं राहून एक, आणि म्हणाले, उभं राहिलं की खाली येतंय, मीठ-साखरेचं पाणी प्या. साखर तपासली, ती नव्हती. तिसऱ्यांनी मानेचा मणका धरला. मग हे गळ्यात तो पांढरा पट्टा घालून कंपनीच्या बसमध्ये चढायला लागले. ॲक्सिडेंट झाला समजून लोक उठून जागा द्यायचे. कंपनीचं गेट आलं की पट्टा काढून डब्याच्या पिशवीत कोंबायचा. चौथ्यांनी कान तपासला. म्हणाले, शरीराचा तोल कानात असतो, गोळ्या घ्या. त्या गोळ्यांनी डोळ्यांवर झापड यायची. प्रेसवरच्या माणसाला झोपेची गोळी! मी ती पाकिटं उचलली आणि मागच्या रानात फेकून दिली.

आता मला त्यांचा राग येत नाही. पुढं एका डॉक्टरीणबाईंनीच मला बसवून समजावलं, की ह्यातलं कुणीच वेड्यासारखं बोललं नव्हतं. कूस बदलताना घर फिरत असेल तर बहुतेकदा कान असतो. उठताना अंधारी येत असेल तर बीपी बघायचं, अंगात रक्त किती ते बघायचं. मान वळवली आणि हाताला मुंग्या आल्या तर मणका असू शकतो. साखरेनं पायाच्या नसा जातात. इतकंच काय, घाबरून भराभरा श्वास घेतला तरी ओठांना, बोटांना मुंग्या येतात. सगळी दारं बरोबरच होती. आमचं दार मात्र कुणी वाजवलं नव्हतं, आणि आम्हीही आतून आवाज दिला नव्हता.

आमचं दार म्हणजे माझ्या सासूबाईंचा नवस.

ह्यांना कंपनीत घेतलं त्या साली सासूबाई साताऱ्याच्या खंडोबाला गेल्या. हा सातारा म्हणजे आपल्या शहराजवळचाच, डोंगराच्या पायथ्याचा. तिथं त्यांनी भंडारा उधळून शब्द दिला, पोरगं कायम होईस्तोवर त्याच्या तोंडात दुधाचा थेंब जाणार नाही. नवस आईनं बोलायचा आणि पाळायचा लेकानं, ही आमच्यातली पद्धत. आणि फिटेपर्यंत त्याचा बोभाटा करायचा नाही, चारचौघांत बोललं की तो बाटतो. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कारलं सोडा! पण देवाला आवडीचं द्यावं लागतं. शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून खाणं हा ह्यांचा जीव की प्राण. मटण-अंडं तर पोरवयातच बंद झालेलं, मामानं गळ्यात माळ घातली तेव्हापासून. आता दूध गेलं, दही गेलं, ताक गेलं. राहिली भाकरी, डाळ, ठेचा आणि कोरा चहा. हे सगळं मला ठाऊक होतं. पण देवासाठी सोडलेल्या गोष्टीनं माणसाला अपाय होईल, असं आमच्यात कुणाच्या स्वप्नातही येत नाही. डॉक्टर विचारायचे, जेवण नीट आहे ना? हे सांगायचे, दोन वेळा पोटभर. ते खरंच होतं.

आता ह्यांच्या दोस्ताचं सांगते, त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही.

प्रेसवर ह्यांच्या समोर जो माणूस उभा असायचा, तो आमच्या ओळीत शेवटच्या खोलीत राहायचा. एकानं पत्रा घालायचा, दुसऱ्यानं काढायचा. दोघांनी आपापली बटणं दाबली तरच ठोका पडायचा, म्हणजे दोघांचे हात एकमेकांच्या हवाली. माणूस तडफदार, बोलायला फटकळ, देवधर्माची भारी टिंगल करणारा. नामांतराच्या कामात तो पोरसवदा असल्यापासून होता. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून मोर्चे निघायचे त्यात पुढं असायचा, हर्सूलच्या जेलात जाऊन आला होता. पहिल्या दंगलीत त्याच्या बापाचं घर गावातल्या लोकांनी पेटवलं होतं. ते त्यानं आम्हाला एकदाच सांगितलं, तेही भाकरी मोडता मोडता, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं.

आमच्या वस्तीवर त्याच्या लोकांच्या घरचं पाणी चालत नव्हतं. उगीच कशाला लपवू? पण वाळूजला कुणाचं काय चालत नव्हतं ते वाळूजच्या नळावर सगळं वाहून गेलं होतं. त्याची बायको माझ्याकडून पीठ न्यायची, मी तिच्याकडची चटणी आणायची. फक्त एक होतं. हे त्यांच्याकडं गेले की चहा घेत नसत. "पित्त होतं," म्हणायचे. नवस सांगितला असता तर तो हसून हसून लोळला असता आणि उद्या अख्ख्या कारखान्यात बोभाटा झाला असता. म्हणून पित्त. आणि त्यानंही ते पित्त खरं मानलं होतं.

मग ज्या दिवसाची तो इतकी वर्षं वाट बघत होता तो दिवस आला. नामांतर पूर्ण नाही, नाव वाढवून दिलं. "अर्धं तर अर्धं!" म्हणत तो आमच्या दारात उभा राहिला. गुलाल, निळा फेटा, डोळे रडून लाल. हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं पुडा आधी ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी पेढा घेतला. हातात धरला. मला ठाऊक होतं काय होणार. ह्यांनी तो कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

"खा की," तो म्हणाला.

"खातो. नंतर खातो."

तो खिशाकडं बघत राहिला. मग पुडा बंद केला आणि निघून गेला. मी धावत मागं गेले तर दारात त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "चहानं पित्त होतं बाई, मान्य. पेढ्यानं कुणाला पित्त होतं?" मला तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मागून हे आले आणि डोळ्यांनी दटावलं. मी तशीच परतले, पण घरी येऊन अशी भांडले, अशी भांडले की खोलीवालीनं भिंत ठोकली. "तुमचा देव मोठा की माणूस?" मी विचारलं. हे म्हणाले, "आई मोठी." घ्या!

तेव्हापासून प्रेसच्या दोन बाजूंना दोन मुकी माणसं. पूर्वी तो म्हणायचा "हां, घाल," हे म्हणायचे "काढ." आता नुसते ठोके. त्यात ह्यांची बोटं अशी. मी रोज डबा भरायची आणि बस परत येईपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. बस आली की आधी हात बघायची, मग तोंड.

आणि एक दिवस तेच झालं. डायच्या, म्हणजे साच्याच्या, खाली सांडलेला पत्र्याचा तुकडा काढायला हे वाकले, उठताना अंधारी आली आणि तोल जाऊन पुढं झुकले, तशी ह्यांची बटणं छातीखाली दाबली गेली. हात गेला थेट आत. हात आत गेलाय हे ह्यांना कळलंच नाही. समोरच्याचे हात त्याच्या बटणांवरच होते, पण त्यानं बघितलं. त्यानं आपली बटणं सोडली, पुढं झेपावला आणि ह्यांची कॉलर धरून मागं ओढलं. इतके दिवस ज्यानं तोंड वळवलं होतं, त्यानंच. मग रिक्षात घालून सरळ सरकारी दवाखान्यात नेलं आणि मला निरोप पाठवला.

मी पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई तपासत होत्या. घाई नव्हती त्यांना. जीभ बघितली, लालभडक, गुळगुळीत. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. लोखंडाचा एक दुहेरी काटा टेबलावर वाजवून पायाच्या घोट्याला लावला, "गुणगुण कळतेय?" हे म्हणाले, "कशाची?" मग पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटले तसे हे झुलायला लागले. दोस्तानं मागून धरलं. बाईंनी विचारलं, "मांस, अंडी?" ह्यांनी माळ दाखवली. "मग दूध-दही तरी खाता का?"

आणि आमचा हा शहाणा छाती काढून म्हणतो, "बाई, धनगराचं घर हाय. दुधाला काय तोटा?"

बाई पुढचं विचारायला लागल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात दोस्त कडाडला, "खोटं बोलतोय हा! माझ्या घरचा चहा आजवर ह्याच्या तोंडाला लागला नाही. नामांतराचा पेढा खिशात घातला ह्यानं. आमच्या घरचं दूध बाटलेलं असतं, डॉक्टर, असं सांग म्हणावं ह्याला!"

"आमच्या घरचंपण नाही पीत ते!" मी ओरडले. सगळी ओपीडी वळून बघायला लागली, बघू दे. "पाच-सहा वर्षं झाली, थेंब नाही. सासूबाईंचा नवस आहे!"

बाईंच्या हातातला पेन थांबला. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं आणि मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, अंगात एक जीवनसत्त्व लागतं, बी-बारा. ते भाकरीत नाही, भाजीत नाही. मांसात, अंड्यात, दुधात असतं. साठा असतो शरीरात, काही वर्षं पुरतो, मग संपतो. तो संपला की रक्त कमी होतं आणि नसांवरचं आवरण झिजायला लागतं. म्हणून उठताना चक्कर, म्हणून मुंग्या. रक्त तपासलं, तेच निघालं. वेळेत आलात, म्हणाल्या.

दोस्त बाहेर पायरीवर जाऊन बसला होता. हे त्याच्या शेजारी टेकले. मग तो म्हणाला, "अरे गाढवा, मला सांगायचं की."

"तू हसला असतास."

"हसलो असतो तर काय, मेला असतास?" आणि तो रडायलाच लागला.

सुया सुरू झाल्या. पण बाईंनी दूध सांगितलं तसा आमचा गडी अडून बसला. "सुई घेतो. दूध आईनं सोडवल्याबिगर नाय." बाई म्हणाल्या, मग जन्मभर सुया टोचून घेणार का? मी पदर खोचला आणि एस.टी. पकडून वस्तीवर गेले. रस्ताभर मनात भांडण घोळवत होते. लेकाचा हात जाता जाता वाचला, हिला ठाऊक तरी आहे का, असं.

सासूबाई भिंतीला हात लावून बाहेर आल्या. मी श्वास न घेता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजून कायम कुठं झालाय त्यो? देवाला शबूद दिलाय."

"हात गेला असता प्रेसमधी तर कायमचा घरी बसला असता. चाललं असतं व्हय तुमच्या देवाला?"

त्या चुलीकडं गेल्या, चहा टाकला, माझ्यापुढं कप ठेवला. कोरा.

"शेरडं आटली का?" मी विचारलं.

"न्हाई. दूध डेअरीला घालती."

"मग घरात?"

"घरात कोन पितंय? लेकराला सोडाय लावलं आन् मी वरपू व्हय?"

मी कप खाली ठेवला. त्या पाय फाकून, जमिनीकडं बघत, एकेक पाऊल जपून टाकत चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं. गळ्यातली माळ तर त्यांचीही होती, ह्यांच्यापेक्षा कितीतरी जुनी.

"आत्याबाई, पायाला मुंग्या येत्यात?"

"यायच्या पयले. आता न्हाई येत." मला बरं वाटलं, तोच त्या म्हणाल्या, "आता कायबी कळत न्हाई. काटा मोडला तर रगात बगून कळतं. वय झालं, दुसरं काय."

भांडायला म्हणून गेलेली मी, त्यांचे पाय मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, मी नवसाला घाबरले. त्याच मला समजावायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना शहरात आणलं. डॉक्टरीणबाईंनी तोच काटा वाजवून घोट्याला लावला, गुडघ्याला लावला, आणखी वर लावला. सासूबाईंनी एकच विचारलं, "ह्याचं पाय येत्याल का माघारी?" बाई म्हणाल्या, येतील. "आन् हात?" हातही येतील. स्वतःचं त्यांनी विचारलंच नाही. मी विचारलं, बाहेर नेऊन. बाईंनी मान हलवली. फार उशीर झालाय, आहे तेवढं टिकवू.

तिथून सासूबाई सरळ साताऱ्याला गेल्या. माझ्या खांद्याला धरून देवळाच्या पायऱ्या चढल्या. पाय कुठं टेकतोय ते मी सांगायची, "आता उचला, आता ठेवा." देवापुढं उभ्या राहून, आजूबाजूला माणसं असताना, मोठ्यानं म्हणाल्या, "नोकरी तुझी तुला. पोराचं हातपाय दे. शबूद मी मोडला, त्यानं न्हाई. काय करायचं ते माझं कर." घरी आल्यावर त्यांनी ह्यांच्या हातात दुधाचा पेला दिला आणि पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. स्वतः प्यायल्या त्या मी रागावल्यावर.

ह्यांना हळूहळू गुण आला. एके सकाळी "फरशी गार लागतीय गं" म्हणून ओरडले आणि अनवाणी खोलीभर नाचले. पुढं कायमही झाले. ते देवानं केलं असं सासूबाई म्हणायच्या, युनियननं केलं असं दोस्त म्हणायचा. दोघं माझ्याच चुलीपुढं दुधाचा चहा पीत ह्यावर भांडायचे.

सासूबाई त्यानंतर आमच्याकडंच राहिल्या. सुया घेतल्या, दूध प्यायल्या, पण पाय काही आले नाहीत. बाजारात निघालो की चालता चालता त्यांच्या पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना पत्ता नसायचा. भर उन्हात डांबरावर तशाच पुढं जायच्या. मी मागून चालायची. चप्पल उचलायची, पुढं होऊन खाली बसायची आणि पाय हातात घेऊन त्यात घालायची. तळवा चांगलाच पोळलेला असायचा. त्या वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "गेली व्हती व्हय?"